टोपी धरून की सोडून?

मंडळाचे अध्यक्ष माननीय बिंदुमाधवराव, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त आपण बसवनगुडीच्या या सभागृहात जमलो ते आमच्या कारखान्याचे फिटर खंडोजीअण्णा, शेजारी बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती अहल्याअक्का, आणि बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी माझी ओळख 'ऑक्सिजनच्या सिलिंडरांना एक माप देणारे गिरीराजसाहेब' अशी करून दिली. ऐकायला गोड वाटलं, नाही म्हणत नाही. पण ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं आज सांगितलं नाही तर इथलं जेवण मला गोड लागणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे सिलिंडरांचा नुसता आनंद होता. एक उंच, एक ठेंगू, एक पोट सुटलेला. हॉस्पिटलच्या रॅकमध्ये एक डुगडुगायचा, दुसरा शिरायचाच नाही. म्हणून सगळ्यांची उंची-जाडी एकच ठरवायला समिती नेमली, प्रमुख मी. मोजायचं काम अण्णांचं. मोजता मोजता त्यांनी विचारलं, "साहेब, उंची टोपी धरून घेऊ की सोडून?" टोपी म्हणजे व्हॉल्व्हवरचं लोखंडी झाकण. मी फोनवर होतो. मान हलवली आणि म्हटलं, "सरी, सरी." आता तुम्हीच सांगा, 'हे की ते' असं विचारल्यावर 'ठीक, ठीक' हे काय उत्तर झालं? पण आपण बेंगळूरकर, आपल्याला प्रत्येक गोष्टीला 'सरी' म्हणायची खोड! अण्णांना वाटलं, धरून. त्यांनी धरून मोजलं. मी ड्रॉइंगवर लिहिलं, सोडून.

दोनशे सिलिंडर टोपीभर उंच बनून आले. रॅकमध्ये एकही शिरेना.

चौकशी लागली. मापांच्या कागदावर सही अण्णांची. "साहेबांना विचारलं होतं," एवढंच म्हणून ते माझ्याकडे बघू लागले. आणि मी? मी चष्मा पुसत बसलो. मग तेच म्हणाले, "माझ्याच ऐकण्यात स्वल्प चुकलं असेल." हलगर्जीपणाचा शेरा त्यांच्या नावावर पडला, सुपरवायझरची बढती हुकली ती कायमची. ड्रॉइंग दुरुस्त झालं, माप सगळीकडे लागू झालं, कौतुक मात्र माझं! कारखान्यात त्यांना 'टोपीअण्णा' म्हणू लागले. इथं मंडळातही काहीजण हसत हसत म्हणतात. अहो, टोपी घातली मी, आणि नाव पडलं त्यांना. लाज वाटते हो. अक्का, तुमच्याकडे मान वर करून बघवत नाही मला.

शुक्रवारी मी हे सगळं व्यवस्थापनाला लेखी दिलं आहे, त्याची प्रत अध्यक्षांकडे आहे. बढती काही परत येत नाही, पण शेरा काढा म्हणून विनंती केली आहे.

मला चार शब्द बोलू दिलेत, मंडळाचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. अण्णा, तुम्ही मात्र घालू नका. अकरा वर्षं घातलंत, तेवढं पुरे झालं. हा माइक घ्या, आणि मला काय बोलायचं ते सगळ्यांसमोर बोला.