अण्णांचा ऑफ सीझन

तुम्हाला वाटतंय, शर्यतींचा सीझन संपला की आम्हा सायकलवाल्यांची मजा असते. सांगतो मजा.

यंदा शेवटच्या शर्यतीत गुडघा गेला. जिना उतरताना रडू यायचं. कोच म्हणाले, "तीन आठवडे घरी जाऊन नुसता झोप. नाहीतर पुढची निवड चाचणी विसर."

गेलो गावी, ढोकीला. आमचे वडील, अण्णा, साखर कारखान्यात फिटर. त्यांना म्हणलं, "अण्णा, ऑफ सीझन हाय. आता फक्त आराम."

"आराम?" अण्णा बघतच राहिले. "आरं, ऑफ सीझनलाच तर खरं काम असतंय. गाळप थांबलं की आमी अख्खा कारखाना खोलतो."

सकाळी उठून बघतो तर अंगणात पोत्यावर माझी सायकल. सायकल कसली, नुसते नटबोल्ट.

"बस खाली," अण्णा म्हणाले, "बेअरिंगचे छर्रे धू."

धुतले. सायकल जोडली. अण्णांना कुठंतरी बारीक आवाज आला, परत खोलली. असं तीन आठवडे मी उकिडवा बसून डिझेलमध्ये छर्रे धूत होतो. घाटात दुखला नव्हता एवढा गुडघा अंगणात दुखला.

शेवटच्या दिवशी कोचचा फोन आला. माझे हात कोपरापर्यंत काळे, म्हणून अण्णांनीच उचलला, स्पीकरवर.

"काळजी करू नका सर. सगळी खोलली, धुतली, ग्रीस भरलं. नव्यासारखी झालीय."

"आणि पोरगा?"

मी भिंतीला धरून उठायला बघत होतो. अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"त्यो खोलता येत न्हाय ना, सर."