विनोदच्या नावची नोंद

(कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यातलं ऑफिस. शिफ्ट सुपरवायझर ज्ञानदेवआप्पा आणि तिथली कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळणारी सुलक्षणा.)

आप्पा : आगं, विनोदचा पासवर्ड सांग की पटकन! त्याच्या अपघाताच्या चौकशीला फॅक्टरी इन्स्पेक्टर दौंडातनं निघालाय.

सुलक्षणा : आप्पा, माझ्याकडं न्हाई तो.

आप्पा : सिस्टिम तू केली, आन् पासवर्ड तुला ठाव न्हाई? कुणाला येड्यात काढतीस?

सुलक्षणा : खरंच न्हाई. पासवर्ड ठेवतच न्हाई आपण, त्याचा चुरा करून ठेवतो. डंकावर कांडलेल्या तिखटाची परत मिरची होती का?

आप्पा : मग विनोद रोज त्याच्या खात्यात कसा जायचा?

सुलक्षणा : त्यानं पासवर्ड टाकला की मशीन तो तसाच कांडायचं आन् ठेवलेल्या चुऱ्याशी जुळवायचं. जुळलं तर आत. त्यात परत कांडताना ज्याचं त्याचं वेगळं मीठ, म्हंजी वेगळी जादा अक्षरं, मिसळतो. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी चुरा वेगळा पडतो.

आप्पा : तुझं मीठमसाला ऱ्हाऊ दे. दिवाळीआधी सगळ्यांचा एकच पासवर्ड होता. अख्ख्या शिफ्टच्या नोंदी मीच भरायचो, कुणाची बोंब नव्हती.

सुलक्षणा : म्हणून तर ज्याला त्याला वेगळा ठेवायला लावला. पण विनोदच्या नावानं लिहायचंय तरी काय?

आप्पा : हातमोजे मिळाले. एवढंच.

सुलक्षणा : मिळाले होते?

आप्पा : स्टोअरमधी संपले होते. मीच म्हणलं, आजचा दिवस काढ. ॲसिड उडंल म्हणून मला काय सपान पडलं होतं?

सुलक्षणा : दोन्ही हात भाजलेत त्याचे. मोजे असून घातले न्हाईत असं ठरलं, तर भरपाई बुडाली त्याची.

आप्पा : आन् माझी नोकरी? बरं, आसं कर. त्याचा चुरा काढ, तिथं माझा टाक, मिठासकट. मग माझ्या पासवर्डनं त्याचं खातं उघडंल का न्हाई?

सुलक्षणा : आप्पा...

आप्पा : उघडंल का न्हाई?

सुलक्षणा : उघडंल.

आप्पा : मग टाक! तुझ्या बापाच्या शब्दाखातर तुला इथं चिकटवली, ध्यानात हाय ना?

सुलक्षणा : हाय. उपकार विसरले न्हाई. पण हे करणार न्हाई.

आप्पा : मग उद्यापासनं येऊ नकोस.

सुलक्षणा : न्हाई येत. लई भ्या वाटतंय मला. तरी न्हाई करणार.

आप्पा : आयला, गेटवर गाडी आली! आता मी काय लिहू?

सुलक्षणा : स्टोअरमधी मोजे नव्हते, असं लिहा. तुमच्या नावानं. तुमचा पासवर्ड तर तुम्हाला पाठ हाय.