धुऱ्यावरचा पाय

(वर्ध्यातलं एक इस्पितळ. पलंगावर तानाबाई, घोट्यावरची जखम उघडी. शेजारी तिचे भाऊजी बाबाराव आणि डॉक्टर लीना.)

तानाबाई : मांडीपासून कापा म्हन्ते ना मी! एकदाच!

लीना : मावशी, कापायचं नाहीये.

बाबाराव : म्याडम, आयका तिचं. माह्या बायकोचं, मीराचं, थोडं थोडं कापलं. पयले बोटं, मंग घोटा, मंग गुडघा. दरखेपी उशीरच झाला. पाय म्या सोता शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पुरला. अन् मंग तिलेबी...

तानाबाई : अजून पौर्णिमेले तिथं मेणबत्ती लावतेत भाऊजी. मीराबाई माह्या सपनात येते. पाय मांगते.

लीना : काका, मावशींसाठी चहा आणता का?

बाबाराव : आनतो जी. पन कापाचं पक्कं करा.

लीना : (बाबाराव बाहेर गेल्यावर) मावशी, ही जखम जंतूंची नाही, कर्करोगाचीही नाही. तुमचा वात सांध्यांत जे करतो, तेच आता कातडीत करतोय. शरीर स्वतःशीच भांडतंय. गोळ्यांनी त्याला शांत करायचं.

तानाबाई : अन् कापलं तं?

लीना : कापलं की ही जखम वाढते. परवा तपासायला एवढासा तुकडा घेतला ना? बघा, त्याच बाजूनं कड सरकली.

तानाबाई : टाके घातले तं?

लीना : टाक्यांवरसुद्धा फुटू शकते.

तानाबाई : मीराबाईची टाक्यावरच फुटे. कड अशीच जांभळी. बोटंबी वातानं अशीच वाकडी.

लीना : त्यांचे कागद मी पाहिले नाहीत, मावशी. नक्की नाही सांगता येणार.

तानाबाई : तिचा डॉक्टर म्हने, थांबून पाहू. भाऊजी पाया पडले त्याच्या. कापा म्हने, पन वाचवा.

लीना : काकांना काय माहीत होतं?

तानाबाई : आता तरी काऊन माहीत व्हावं? त्याहिले सांगू नका, बाई. एवढं करा माह्यासाठी.

लीना : आणि त्यांनी विचारलं तर?

तानाबाई : आले. चूप राहा.

बाबाराव : घे ताने, गरम हाये. ठरलं का कापाचं?

तानाबाई : नाई भाऊजी. गोळ्यानं बरं होते म्हन्तेत.

बाबाराव : गोळ्यानं? मंग माह्या मीरीचं काऊन...

तानाबाई : तिचं येगळं होतं.

बाबाराव : जखम तं सेम दिसून राह्यली. खरंच येगळं होतं का, म्याडम?

लीना : ... हो, काका. वेगळं होतं.