धडधाकट खांदा

सन्माननीय अध्यक्षसाहेब, ज्यांच्या हस्ते आत्ताच मानपत्र देण्यात आलं ते प्रमुख पाहुणे, आम्हा दोघींच्या हातात पहिल्यांदा रॅकेट देणारे आमचे सर, क्लबचे सर्व पदाधिकारी, पहिल्या रांगेत मांडीवर भली मोठी पर्स धरून बसलेल्या काकू, म्हणजे आजच्या सत्कारमूर्तीच्या मातोश्री, आणि खुर्च्या संपल्या तरी तक्रार न करता मागे उभ्या राहिलेल्या टेनिसप्रेमी मंडळींनो, सर्वांना नमस्कार.

माझ्याआधी चार वक्ते बोलून गेले. सगळे चांगलंच बोलले. त्यामुळे चांगलं बोलायचं माझ्या वाट्याला फारसं उरलेलं नाही. तसंही डबल्समध्ये मी नेटजवळ उभी राहणारी, दुसऱ्याच्या तोंडातला घास पळवणारी बाई. मागे उभं राहून शांतपणे एकेक बॉल परत पाठवणं हे हिचं, आजच्या सत्कारमूर्तीचं काम. म्हणून तर वर्तमानपत्रांनी हिला 'भिंत' म्हटलं, आणि पुढे घरचेदारचेही तेच म्हणायला लागले. भिंतीला कान असतात असं आपण म्हणतो ना? आमच्या भिंतीला तर नुसते कानच होते. सर्व्हिस करताना कुणी खोकलं, कुणी चॉकलेटचा कागद चुरगळला, की हिला ते माझ्या आधी ऐकू यायचं. आणि एक डबल फॉल्ट झाला की प्रेक्षकांतून जो एक 'अरेरे' येतो, तो तर ही बॅगेत भरून हॉटेलवर घेऊन यायची.

अकरा वर्षं आम्ही जोडीनं खेळलो. तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल, दोन पॉइंटच्या मध्ये आम्ही जवळ यायचो, तोंडावर हात धरायचो आणि कुजबुजायचो. समोरच्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून सगळेच तसं करतात. समालोचक सांगायचे, आता काहीतरी डाव शिजतोय. कसला डाव नि कसलं काय! मी म्हणायचे, 'बाथरूममधले मोजे वाळले असतील का गं?' ती म्हणायची, 'एक वाळला असेल.' हसू आलं की हात जरा घट्ट धरायचा. तेवढ्यानं तिचा श्वास जागेवर यायचा, आणि आम्ही आपापल्या जागी जायचो.

या धंद्याचं एक सांगते. इथे मोठ्या बक्षिसाचे फोटो तेवढे दिसतात. पण कुठलीही स्पर्धा घ्या, शेवटी एकच जोडी न हरता घरी जाते. बाकी सगळ्या कधी ना कधी हरून बॅग भरतात. म्हणजे आम्ही जवळजवळ दर आठवड्याला हरत होतो, आणि सोमवारी दुसऱ्या गावात तोंड धुऊन पुन्हा हजर. हे मनाला कधीच सवयीचं होत नाही. होतं असं जो म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

असो. मला गोड बोलायला बोलावलंय आणि मी हे काय घेऊन बसले!

अध्यक्षसाहेबांचे मात्र मनापासून आभार मानायला हवेत. मघाशी त्यांनी आपल्या भाषणात एक आनंदाचा धक्का दिला. निमंत्रणपत्रिकेत ते नव्हतं, आम्हा कुणाला त्याची कल्पनाही नव्हती. हा कार्यक्रम संपला की आपण सगळ्यांनी बाहेर नव्या कोर्टावर जायचं आहे, आणि ज्या कोर्टाला हिचं नाव दिलंय, तिथली पहिली सर्व्हिस हिनंच करायची आहे. 'दुखऱ्या खांद्यानं का होईना, एकच बॉल!' असं ते म्हणाले. तुम्ही केवढ्या टाळ्या वाजवल्यात! यामागचं प्रेम मला कळतं. काकूंचे तर डोळे भरून आले.

तुम्ही सगळे अध्यक्षांकडे बघत होतात. मी हिच्याकडे बघत होते. हिचा डावा हात टेबलावर होता, तो हळूच टेबलाखाली गेला. अजून वर आलेला नाही.

अध्यक्षसाहेब, मला एक मिनिट द्याल? सत्कारमूर्तीशी दोन शब्द बोलायचे आहेत. नाही, माइक नको.

…

क्षमा असावी. हो, तोंडावर हात धरूनच बोललो, जुनी खोड आहे. या वेळी मोज्यांचं नव्हतं. मी विचारलं, 'सांगू का गं?' तिनं आधी काकूंकडे पाहिलं. मग म्हणाली, 'सांग. आईलाही इथेच कळू दे. घरी माझ्याच्यानं सांगवणार नाही.'

तेव्हा मंडळी, आता ऐका. हिचा खांदा दुखत नाही. कधीच दुखत नव्हता.

सर्व्हिस करताना डाव्या हातातला बॉल वर उडवायचा असतो. त्यात काय मोठं? आपल्या क्लबातलं पहिल्या दिवशी आलेलं पोरही उडवतं. दोन वर्षांपूर्वी एका उपांत्य सामन्यात, जिंकायला एक पॉइंट बाकी असताना, हिनं बॉल उडवायला हात वर नेला आणि बोटं उघडलीच नाहीत. पुन्हा नेला, पुन्हा तेच. पंचांनी वेळेची ताकीद दिली. मग कसाबसा बॉल सुटला तो भलतीकडेच. डबल फॉल्ट, आणि तो 'अरेरे'. सामना आम्ही हरलो. सामन्याचं काय, ते हरतातच. पण दुसऱ्या दिवशी सरावाला कोर्ट रिकामं होतं, चिटपाखरू नव्हतं, तरीही बोटं उघडली नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाली, 'अगं, हा हात माझा नाहीये.' त्या दिवशी मी जेवढी घाबरले तेवढी कुठल्याही प्रतिस्पर्ध्याला घाबरले नाही.

मग ती खालून सर्व्हिस करायला लागली, बॉल नुसता खाली सोडून. नियमात बसतं ते. लोक हसले, वर्तमानपत्रांनी 'भिंतीची नवी चतुराई' असं छापलं. कसली आलीय चतुराई! बुडत्याला काडीचा आधार होता तो. काही महिन्यांनी बोटं तेवढंही करेनाशी झाली.

शेवटच्या सामन्यानंतर पत्रकारांच्या खोलीत हिला विचारलं, नेमकं काय झालंय? बॅगेचा पट्टा रुतत होता म्हणून हिनं तो खांद्यावरून सरकवला. समोरून कुणीतरी विचारलं, 'खांदा का?' आणि ही 'हो' म्हणाली. झालं एवढंच. संध्याकाळपर्यंत सगळीकडे खांदाच खांदा. गेलं वर्षभर ही धडधाकट खांद्याला पट्ट्या चिकटवून हिंडते आहे.

खरं का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, खांदा दुखतो म्हटलं तर लोक फुलं पाठवतात. मन दुखतं म्हटलं की सल्ले पाठवतात. ज्या दोघा-चौघांना कळलं होतं त्यांनी काय सांगितलं? दीर्घ श्वास घे. हसत राहा. सगळं डोक्यात असतं गं! त्यावर ही मला म्हणाली, 'डोक्यातच आहे, म्हणून तर काढून ठेवता येत नाही.' डॉक्टरांकडे जाते आता, मनाच्याच. बरी होईल का? ते डॉक्टर सांगत नाहीत, आणि मीही खोटं सांगणार नाही. पुन्हा खेळणार नाही, एवढं मात्र नक्की. आणि वर्षभर हिची वाट पाहिल्यावर आता पुढच्या सोमवारी मी कुणाच्या कानात कुजबुजणार, हे मलाही ठाऊक नाही. मला ते फार जड जातंय.

म्हणून अध्यक्षसाहेब, हात जोडून विनंती, बाहेर कुणी जाऊ नये. तो एक बॉल तुमच्या लेखी मान आहे. हिच्या लेखी तो…

काय काकू? बोला ना. नाही नाही, बसून बोललात तरी चालेल.

मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून मी सांगते. काकू विचारताहेत, 'मग वर्षभर रोज संध्याकाळी मी शेकत काय होते?'

काकूंच्या त्या पर्समध्ये शेकायची रबरी पिशवी आहे, मंडळी. मघाशी दारातच त्यांनी मला ती दाखवली. लेकीबरोबर कुठेही जायचं असलं की ती बरोबर असते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर, काकू, हिनंच…

हे मात्र तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. तोंडावर हात न धरता बोलली ती. 'तेवढा वेळ बरं वाटायचं, आई.'

काकू वर येताहेत. जरा वाट द्या त्यांना. पायरी सांभाळून, काकू. प्रमुख पाहुण्यांनी न सांगता आपली खुर्ची दिली, त्यांचे मी विशेष आभार मानते. डावा हात टेबलाखालून वर आलाय, काकूंच्या दोन्ही हातांत आहे.

मला वाटतं, मी आता थांबावं. अध्यक्षांनी मान हलवून माझी विनंती मान्य केली, त्यांचे आभार. सरांचे आभार, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं आणि आत्ता ते चष्मा पुसताहेत. तुम्ही एवढा वेळ शांत बसलात, कुणाच्या तोंडून 'अरेरे' निघालं नाही, त्याबद्दल तुमचे तर शतशः आभार. गौरवाच्या दिवशी मी भलतंच बोलले, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर तेवढं पोटात घाला.

आणि जाता जाता चहाच्या टेबलावरच्या मंडळींना एक विनंती. चहासाठी पाणी ठेवलं असेल, त्यातलं थोडं कढत पाणी आधी इथे वर पाठवा. पिशवी काकूंनी आणलीच आहे.