तोकड्या पायाचं गाढव

घरवाटपाच्या रांगेत निवृत्त पोस्टमनच्या पुढे एक तरुण मुलगी उभी होती. तिच्या कडेवर कागदाच्या लगद्याचं गाढव होतं आणि शेजारी निवारा केंद्रातली ताई.

“ताई, याला खाली ठेवू?”

“उभं राहतं का ते?”

“कुठलं? केंद्रातल्या हस्तकलेच्या गटातल्या चौघींनी एकेक पाय केला. माप कोणी घेतलंच नाही.”

“तोकडा पाय कुणाचा?”

“माझा. मी लवकर आटपलं.”

“तुझं नेहमीचंच. खोली मंजूर असताना दोनदा या खिडकीपासून पळालीस.”

“म्हणून आज गाढव दिलंत होय माझ्याकडे?”

“गाढव घेऊन पळता येत नाही.”

“ताई, एकटीला झोप नाही लागणार. तिथे घोरायलासुद्धा कोणी नाही.”

“पण गुरुवारी गटात यायचंयच. शेपूट कोण करणार?”

“चला, पुढे या,” खिडकीतली बाई म्हणाली. “दोन्ही प्रतींवर सही करा.”

मुलीनं दाराकडे पाहिलं. मग मागे वळली.

“काका, जरा धरता? तोकड्या पायाखाली हात द्या, नाहीतर तोंडावर पडतं.”

पोस्टमननं गाढव घेतलं. मुलीचे हात मोकळे झालेले पाहून ताई हळूच दारात जाऊन उभी राहिली.

“ताई, वाट कशाला अडवताय? इकडे या. सह्या झाल्या, आता पत्ता लिहायचाय. खोलीचा पिनकोड काय?”

तो पोस्टमननं तोंडपाठ सांगितला. मुलीनं एकेक आकडा कोरून काढल्यासारखा लिहिला. तिला अजिबात घाई नव्हती.

“पुढचे,” बाई म्हणाली. “आजोबा, तुमचं काय काम?”

“तूर्तास गाढव धरलंय.”