बहिणीच्या घरून कॉलेज

मी मूल तालुक्याच्या इकडली. जंगलाला लागून गाव आहे आमचं, मागं सागाचं जंगल अन् पुढं धानाच्या बांध्या, पावसाळ्यात बस येत नाई अन् उन्हाळ्यात बी आपल्याच मर्जीनं येते. बाबा सोताची थोडीशी बांधी करे अन् उरल्या दिवसांत जंगलखात्याच्या मजुरीले जाये. आजानं दीक्षा घेतली तवापासून घरात देव्हारा नाई, उपासतापास नाई, पण शाळेचा नेम असा की अंगात ताप असला तरी बाबा हात धरून शाळेत नेऊन बसवे. आमी तिघी बहिणी, भाऊ नाई. मोठी सुमन, तिले आमी बाई म्हणतो, मंग मी कुंदा, अन् शेवटची माया. बाई सातवी झाली अन् तिले चांद्याले देलं, कोळशाच्या खानीतला पोरगा भेटला होता, अन् खानीतली पक्की नोकरी म्हणजे आमच्याकडं मोठीच गोष्ट. तुमी चंद्रपूर म्हणता, आमी चांदा म्हणतो, लिहिताना ते तुमचं तुमी पाहून घ्या.

तुमी म्हणता, यंदा बारावी पास झालेल्या पोरापोरीईचा विहारात सत्कार आहे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाले चालले सारे, तं त्यायले चार गोष्टी सांगा. आता काय सांगू तुमाले भाऊ, मी तं कॉलेजचं पहिलंच वर्ष पाह्यलं, अन् तेबी पुरतं नाई. पण तुमी विचाराले आले तं सांगते. सजवून लिहू नका म्हणजे झालं.

मी बारावी पास झाली तं गावातून कॉलेजात जाणारी पहिलीच पोट्टी. बाबानं साऱ्या वस्तीत गूळ वाटला, अन् वाटता वाटता रडे. गुरुजी घरी आले, म्हणे चांद्याले पोरीईचं सरकारी वसतिगृह आहे, राहणं फुकट, जेवण फुकट, अर्ज करून टाका. बाबा म्हणे, गुरुजी, पोरीची जात, अनोळखी ठिकाणी काऊन टाकू, सख्खी बहीण आहे ना तिथी. माय म्हणे, बहिणीच्या डोळ्यापुढं राह्यली म्हणजे आमाले झोप लागंल. अन् मले बी बरंच वाटलं, बाईजवळ राहाले भेटते म्हणून नाचली मी. आमच्याकडं सारेच असं करतात, भाऊ. पोरगी शिकाले निघाली की पह्यले पाहतात शहरात नात्याचं कोण आहे. कॉलेज कोणतं, वर्ग किती वाजता, ते मंग.

बाईचं घर म्हणजे खानीच्या कामगारायच्या लाइनीतल्या दोन खोल्या. बाई, भाऊजी, बाईचे दोन लेकरं, तिसऱ्याची तयारी, बाईची सासू, अन् बाईचा दीर अशोक, तोबी खानीतच लागलेला. भाऊजीची पाळी सकाळची तं अशोकची दुपारची. एकाचा डबा पहाटे, दुसऱ्याचा दुपारी, एक जेवून उठला की दुसरा उपाशी घरी येये, त्या घरातली सिगडी इझलेली मी काई पाह्यली नाई. खानीचे कपडे तुमी कधी धुतले का? सोड्यात उकळले तरी काळं पाणी निघतच राह्यते. नळ सकाळीच, अन् माहा वर्ग बी सकाळीच.

आता हे नीट ऐका. मले कोणी कामाले जुंपलं नाई. मारलं नाई, बोललं नाई, उपाशी ठेवलं नाई. बाईची सासू नुसतं म्हणे, कुंदा, जरा पाणी भरून दे, मंग जा. जरा लेकराले धर, बाईच्यानं होत नाई, मंग जा. जरा डबा बांध व माय, खानीचा भोंगा होऊन राह्यला, मंग जा. तो जरा लय वाईट, भाऊ. मोठं काम सांगतलं असतं तं मी भांडली असती, जराले कशी भांडू? अन् नाई म्हटलं असतं तं माहं काई बिघडलं नसतं, बाईचं बिघडलं असतं. तुही बहीण आयतं गिळते, हे सासूनं तिलेच ऐकवलं असतं, अन् बाईनं खाली मान घालून ऐकलं असतं. बाईवर मले राग येये. मंग तिचे सुजलेले पाय पाहो अन् घागर उचलो. तिले बी दोन हात भेटले होते, तिनं ते काऊन सोडावं?

कॉलेजात पोहोचो तवा पह्यला तास खलास, दुसरा अर्धा. वर्गात माह्या बाजूले सिरोंच्याची एक पोट्टी बसे, वसतिगृहातली. घरी तेलुगू बोलणारी, मराठी असं तोडून तोडून बोले की पोट्टे हसत, अन् इंग्रजीच्या तासाले तं आमी दोघी बी दगड. सुरुवातीले ती रोज रडे, वरणात पाणीच पाणी आहे म्हणे, पोळ्या कच्च्या, खोलीत चार पोरी, मले गावाले जायचं आहे. मी तिले समजावो, मीच, हसू नका. पण ती संध्याकाळी पुस्तक घेऊन बसे. वरण पातळ होतं पण ते रांधणं तिच्याकडं नव्हतं, भांडं घासणं तिच्याकडं नव्हतं. दिवाळीपर्यंत ती हात वर करून सरले विचारू लागली, मोडक्या मराठीतच, अन् मी मागच्या बाकावर झोपा काढो. सर माह्याकडं बोट दाखवून म्हणे, या बाई कॉलेजात आराम कराले येतात. सारे हसले. खरंच होतं ते, आराम मले तिथीच भेटे.

म्हणून पोरायले सांगा, पह्यल्या महिन्यात रडू आलं तं रडा, पण सामान बांधू नका. समजलं नाई तं हात वर करा, हसणारे दिवाळीनंतर हसत नाईत. अन् दर रविवारी गावाले पळू नका, माय आजारी असल्याचे निरोप लय येतात, खरे किती ते मायलेच विचारा. पण हे सारं मंगचं, पह्यले राहता कुठी ते सांगा.

तं हिवाळ्यात लाइनीतल्या बाया बोलू लागल्या. घरात जवान पोरगा, घरात जवान पोरगी, नातं जुळण्यासारखं, मंग कायची वाट पाहून राह्यले? आता पाहा, ज्या अब्रूसाठी मले वसतिगृहात टाकलं नाई, तीच अब्रू इथी राह्यल्यानं चालली म्हणे. अशोकशी माहं बोलणं म्हणजे डबा घ्या अन् पाणी तापलं, एवढंच. बाईच्या सासूनं बाबाले बोलावलं. मी बाबाले कोपऱ्यात घेऊन म्हटलं, बाबा, मले वसतिगृहात टाका, आतापण जागा भेटंल. बाबा म्हणे, आता या घरातून निघून तिथी गेली तं लोक म्हणतीन काईतरी झालं म्हणूनच काढली. सुमनले बी इथी जगणं कठीण होईल. शिक्षण कुठी पळते, लगन झाल्यावर जाजो ना कॉलेजात, घर तेच, रस्ता तोच. सारे असंच म्हणे, रस्ता तोच. विहारात अशोकशी लगन झालं, अन् दुसऱ्या दिवशी त्याच सिगडीपुढं बसली. कालपर्यंत पाहुणी होती म्हणून जरा म्हणत, आता तेबी बंद झालं. हजेरी भरली नाई, परीक्षेले बसू देलं नाई, अन् पुढच्या वर्षी नाव टाकाची गोष्ट कोणी काढली नाई.

नवरा वाईट नाई माहा. दारू नाई, हात उचलणं नाई. लोक म्हणतात नशीबवान आहे, दोघी बहिणी एका घरात. काय सांगू तुमाले, वाईट असता तं माहेरी जाऊन सांगाले तोंड तरी असतं. इथी सारं चांगलंच आहे अन् मले श्वास घेता येत नाई. आता बी पोट्ट्या सायकलीवर पुस्तकं घेऊन जातात ना दारापुढून, मी आत जाते.

अन् मागच्या वर्षी माया बारावी पास झाली. बाबा तिले घेऊन सरळ आमच्या दारात, मायाच्या हातात पेटी, बाबाच्या हातात गुळाची ढेप. म्हणे, आता तं दोघी बहिणी आहेत इथी, मले कायची चिंता? सासू हसत उठली, ये व माय ये. म्हातारीचे हातपाय आता चालत नाईत. माया पायरीवर पाय ठेवाले लागली अन् मी दारात आडवी उभी राह्यली. म्हटलं, हिले आत घेणार नाई. बाबा म्हणे, येडी झाली का, एवढ्या लांबून आलो, पाणी तं पाज. मी म्हटलं, पाणी बाहेर आणून देते. सारी लाइन जमा झाली. बाई आतून म्हणे, कुंदे, बाबाची इज्जत काढून राह्यली तू. मी म्हटलं, बाई, तू बोलू नको, तुले बी कामाले हात भेटतात म्हणून तू बोलते. ती रडाले लागली. बाईले असं मी कधी बोलली नव्हती. माया तं पाहतच राह्यली, तिले वाटलं मले ती नकोशीच झाली. मी चपला घातल्या, पेटी उचलली अन् तिले घेऊन वसतिगृहात गेली. वॉर्डनबाई म्हणे अर्जाची मुदत झाली. मी म्हटलं, मी इथून हालत नाई. बसली तिथीच. संध्याकाळी त्यायनं एका खोलीत जागा करून देली.

बाबा तिथूनच गावाले गेला. तवापासून माह्या घरी आला नाई, बोलत नाई, वस्तीत सांगते की कुंदीनं बापाले अन् बहिणीले दारातून हाकललं. हाकललंच. घरात बी महिनाभर कोणी मले नीट बोललं नाई, नवऱ्यानं तेवढा त्या दिवशी आपला डबा आपण बांधून घेतला.

आता माया पास होऊन दुसऱ्या वर्षाले गेली. कधी रविवारी येते. मी तिले उंबरठ्याच्या आत येऊ देत नाई, रस्त्यावरच उभ्यानं बोलतो आमी. परवा म्हणे, बाहेरपर्यंत तुह्या लेकराचं रडणं ऐकू येते, जरा धरू दे ना. मी म्हटलं, जाय, तुहा अभ्यास पडला आहे. थोडी रागावली, मंग गेली. पोरापोरीईले माह्याकडून सांगा, साऱ्यायचं चांगलं होवो, खूब शिका. अन् ज्या नातेवाइकानं दार उघडं ठेवलं त्याले दुरूनच जयभीम करा. मायाले अजून माहा राग आहे, पण ती वसतिगृहात बसून आहे. राहू दे.