दुखणं कुठं, ते तिनंच सांगावं

आमी मूळचे मोर्शीकडले. बाप कापूस तोलून द्यायचा, आजाचंही तेच, म्हणून माह्याही हाती तराजूच आला. अमरावतीच्या कापूसबाजारात मी मापारी होतो. तवा समुद्रापलीकडं कुठंशी लढाई लागली होती, तिकडचा कापूस बंद झाला अन् आमच्या वऱ्हाडातल्या कापसाले असा भाव आला का कास्तकार बैलाच्या शिंगाले चांदी मढवून बाजारात येत. माहा धाकटा भाऊ अकोल्याले जाऊन दलाल झाला. मी मागं राहिलो, कारण मले दम लागे. दिवसभर कापसाच्या गंजीपाशी उभं राहायचं, ते बारीक तूस नाकातोंडात जाये, अन् संध्याकाळी घरी आलो का मी भिंत धरून बसे.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर हैदराबादेकडचा, हिंदुस्थानी बोले. त्यानं माह्या पाठीले लाकडाची नळी लावली अन् म्हणे, तेरे फेफड़े में रुई बैठी है, तराजू छोड़ दे. मी म्हटलं, सोडतो, पण खाऊ काय? तो म्हणे, इधर काम कर. तसा मी राहिलो. भाऊ हसला. दादा, कापसाचं सोनं होऊन राहिलं अन् तू लोकायच्या जखमा धूत बसला? मी म्हटलं, जीव राहिला तर सोनं पाहू.

आमी तठी चार माणसं होतो मदतीले. डॉक्टरनं मागच्या भिंतीवर गेरूनं माणसाचं अंग काढलं होतं, त्यावर काठी ठेवून रोज सकाळी आमच्याकडून म्हणून घेई. नाक, गळा, फुप्फुस, ही श्वासाची वाट. काळीज अन् नाड्या, हे रक्ताचं घर. जठर, आतडी, ही अन्नाची वाट. गुर्दे अन् लघवीची पिशवी, ही पाण्याची वाट. अन् बाईच्या अंगात गर्भाची पिशवी, बेंबीच्या खाली, लघवीच्या पिशवीच्या मागं. मले ते आवडलं. मले वजनाची सवय, अदमासानं बोललेलं मले चालत नसे. अन् आमच्याकडं तर काय सांगू तुमाले, गळ्यापासून मांडीपर्यंत कुठंही दुखलं तरी लोक पोटच म्हणत. मग आमी विचारायचं, बेंबीच्या वर का खाली, उजवीकडं का डावीकडं, ताप आहे का, लघवी होते का. अचलपूरकडले एक पाटील मले म्हणाले, अरे बापा, दुखून राहिलं मले अन् हिशेब तुले पाहिजे?

पण बाया येत नसत. बाईचं दुखणं गडी घेऊन ये. सून घरात कण्हत पडे, ती सासूले सांगे, सासू पोराले सांगे, अन् तो आमच्यापुढं येऊन म्हणे, पोट. औषधाची बाटली घेऊन परत जाये. डॉक्टर चिडे, म्हणे, बीमार घर में पड़ी है और दर्द गाड़ी में बैठ के आया है. पण चिडून करतो काय, औषध देई.

माही एकच पोरगी, गोदा. चांदूर बाजारच्या अलीकडं एका खेड्यात दिली होती. घर चांगलं, जमीन काळी, माणसं मेहनती. ऐन वेचणीच्या दिवसात जवाई दवाखान्यात आला. मामाजी, तिचं पोट दुखून राहिलं. मी म्हटलं, कुठं? तो खाली पाहून म्हणे, पोटात. मी म्हटलं, वर का खाली? तो म्हणे, बुवा, मायनं पोट म्हणून सांगितलं, मी पोट म्हणून आलो. त्याचे कान लाल झाले. सासऱ्यापुढं जवाई याच्याहून जास्त काय बोलणार होता? डॉक्टरनं अपचनाचं औषध दिलं.

आठवड्यानं पुन्हा आला. ताप उतरत नाही म्हणे. डॉक्टर म्हणे, अब दवा नहीं, लड़की को लाओ. जवाई म्हणे, आणू कशात, गावातली एक गाडी रिकामी नाही, सगळ्या कापसावर लागल्या. तवा बाजारात माल खाली करून एक गाडी तिकडंच परत चालली होती, तिच्यात मी, माही घरची अन् जवाई बसलो.

वाटेत मी घरचीले शिकवलं. हे विचार, मग हे विचार, असं दाबून पाहा. ती म्हणे, अजी, हे असं तोंडानं विचारू? जवाई पुढं गाडीवाल्यापाशी बसला होता, तो मान फिरवून बसला. मी म्हटलं, विचार.

मी ओसरीवर राहिलो, ती आत गेली. मले दोघींचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली अन् माह्यासमोर नाही, खांबाकडं पाहून बोलली. चौथा महिना होता. पडलं. सगळं पडलं नसावं. बेंबीच्या खाली दुखते, हात लावू देत नाही, अंगावरून जाते त्याले वास आहे. गोदा म्हणे, माय, बाबाले नको सांगू.

इहीणबाई, गोदाची सासू, दारातच उभी होती. ती म्हणाली, इवाई, बाईजातीचं दुखणं चारचौघात सांगतात का? माहे दोन गेले, मी कोणाले सांगितलं? ती भांडत नव्हती. रडत होती.

गोदाले आमी त्याच गाडीत आणलं. समोरून कापसाच्या गाड्याच गाड्या, आमची गाडी बाजूले थांबून थांबून चाले. डॉक्टरनं तिले पाहिलं अन् मले बाहेर नेऊन एवढंच म्हणाला, पहले लाना था. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिचा हात माह्या हातात होता. नाडी कुठं पाहावी हे मले शिकवलेलं होतं, म्हणून ती कवा थांबली तेही मले कळलं. ते कळलं नसतं तर बरं झालं असतं.

तेरावा झाल्यावर घरची म्हणाली, मले तठी बसवा. भावकी म्हणे, चांगल्या घरची बाई दवाखान्यात? ती म्हणे, चांगल्या घरचीच मेली ना. डॉक्टरनं ओसरीच्या कोपऱ्यात पडदा लावून दिला. भिंतीवरचं सगळं ती माह्याहून लवकर शिकली. गड्याले म्हणे, तुमी बसा तिकडं, चिलीम ओढा, तिले बोलू द्या. बाया हळूहळू येऊ लागल्या. सगळ्या नाही येत, अजूनही बाटलीच जाते पुष्कळ घरी.

आता ती लढाई संपली म्हणतात, कापूस उतरला, भाऊ अकोल्याहून परत आला. जवायानं दुसरी केली, करायचीच होती. परवाच्या पोळ्यानंतर तो आला तर मले वाटलं पुन्हा निरोप. पण गाडीत ती होती, पदर ओढून बसलेली. तो मले म्हणाला, मामाजी, मी काही सांगत नाही, मामींनी तिलेच विचारावं.

घरची तिले पडद्याआड घेऊन गेली. मी बाहेर पट्ट्या गुंडाळत बसलो. आधी एकाच बाईचा आवाज ये. मग दुसरीचा आला, बारीक, मग जरा मोठा. आठ दिवस ठेवली, बरी झाली. जाताना घरचीनं तिची ओटी भरली, अन् मग आत जाऊन दार लावून घेतलं.

गोदाच्या जागी ती आली असं मी म्हणत नाही. ती जागा कोणाची नाही. पण ती पोरगी बोलली, अन् घरी गेली. उद्या तिचं लेकरू तिच्या मांडीवर खेळो, एवढंच आता आमच्या दोघांचं मागणं.